पायाखालची जमीन आणि भूकंपाचा धक्का : खानदेशच्या भूमीचा एक अभ्यास

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र कधीही विसरणार नाही. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून माणसे नुकतीच झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याची जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यात गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवसापर्यंत आपल्या शाळा-कॉलेजांतून असे शिकवले जात होते की, दख्खनचे पठार हा कठीण काळ्या पाषाणाचा स्थिर भूभाग आहे, येथे मोठा भूकंप होत नाही. सरकारी नकाशातही लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. हा समज किल्लारीने कायमचा मोडला.

भारतीय मानक ब्यूरोने २००२ साली नवा नकाशा काढला, तेव्हा त्यातून पहिला विभाग काढूनच टाकण्यात आला. त्या नकाशात आपले धुळे आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याच्या प्रदेशात दाखवलेले आहेत. परंतु संपूर्ण जिल्ह्याला एकच क्रमांक देऊन प्रश्न सुटत नाही. एकाच जिल्ह्यातील दोन गावे भूकंपाच्या केंद्रापासून सारख्याच अंतरावर असूनही एक गाव जोरात हादरते आणि दुसरे थोडक्यात निभावते. असे का घडते? याचे उत्तर बऱ्याच अंशी गावाच्या पायाखाली, जमिनीच्या पोटात असते. ते समजून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

आपली भूमी कशी तयार झाली?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. डोंगराच्या शिखरातून उसळणारा ज्वालामुखी आपण चित्रात पाहतो, तसा हा प्रकार नव्हता. हा रस पातळ होता व तो दूरदूरपर्यंत पसरत गेला. एक थर थंड झाला की काही काळाने त्यावर दुसरा, मग तिसरा, असे थरावर थर चढत गेले. या खडकाला बेसाल्ट किंवा काळा पाषाण म्हणतात. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे.

हे थर पाहायला फार लांब जावे लागत नाही. अजिंठ्याची लेणी ज्या कड्यात कोरलेली आहेत, तो वाघूर नदीचा कडा नीट न्याहाळला तर एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे आडवे थर दिसतात. घाटरस्त्यांच्या कापणीत दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटेसारखा लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात पहिल्या थराचा पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली, तोच हा पट्टा. म्हणजे आपला कठीण खडक वाटतो तसा एकसंध नाही. टणक पाषाण, सच्छिद्र खडक, मुरूम आणि मऊ लाल माती असे ते एकावर एक रचलेले थर आहेत.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट आढळते. सपाट रानातून सरळ रेषेत मैलोन्‌मैल जाणाऱ्या काळ्या दगडाच्या भिंतींसारख्या टेकड्या तेथे दिसतात. लाव्हारस ज्या भेगांतून वर येत होता, त्या भेगांतच तो गोठला, त्याच या भिंती. अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद भूशास्त्रज्ञांनी केलेली आहे.

तापीचे खोरे : खडकावरचा गाळ

लाव्हा थंड झाल्यानंतर फार मोठ्या काळाने सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन पूर्व-पश्चिम दिशेच्या भेगांवरून खचली. उत्तरेला सातपुडा उंच राहिला आणि दक्षिणेला खोलगट पट्टा तयार झाला. या खोलगट पट्ट्यातून तापी वाहू लागली. चांगदेवजवळ पूर्णा तिला येऊन मिळाली. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर या नद्यांनी लाखो वर्षे गाळ आणून हा खोलगट भाग भरून काढला. म्हणूनच तापीच्या काठाला उंचच उंच मातीच्या दरडी दिसतात. शिरपूर तालुक्यात नाले खोल करण्याची कामे झाली, तेव्हा पिवळ्या मातीचे जाड थर उघडे पडलेले अनेकांनी पाहिले आहेत. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीची समृद्धी याच खोल गाळाच्या जमिनीवर उभी आहे. काही भागांत येथे शंभर मीटरपेक्षाही खोल बोअर घेतले तरी काळा पाषाण लागत नाही. सातपुड्याच्या अगदी पायथ्याला मात्र डोंगरावरून वाहून आलेले गोटे, रेती आणि माती यांचा मिश्र पट्टा आहे.

याउलट धुळे, साक्री, पारोळा, चाळीसगाव या बाजूला पुष्कळ ठिकाणी काही फुटांवरच मुरूम लागतो आणि त्याखाली पाषाण. तेथेही नदीकाठी गाळ आहेच, पण त्याची जाडी तापीच्या पट्ट्याएवढी नाही. थोडक्यात, आपल्या खानदेशात दोन प्रकारची जमीन आहे : जवळ खडक असलेली आणि खोल गाळाची. भूकंपाच्या वेळी या दोन्ही जमिनी अगदी निराळ्या वागतात.

गाळात धक्का का वाढतो?

भूकंपाची शक्ती लहरींच्या रूपाने पसरते. घरांचे नुकसान मुख्यतः जमिनीला आडवे हेलकावे देणाऱ्या लहरी करतात. कठीण पाषाणातून या लहरी सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावतात. वरच्या मऊ गाळात मात्र त्यांचा वेग सेकंदाला दोनशे ते चारशे मीटरवर येतो.

डांबरी रस्त्यावरून भरधाव येणाऱ्या बैलगाड्यांची रांग अचानक नदीच्या रेतीत शिरली, तर काय होईल? पुढच्या गाड्या मंदावतील, मागच्या येऊन भिडतील आणि थोड्या जागेत दाटी होईल. लहरींचेही असेच होते. वेग कमी झाला तरी त्यांनी आणलेली शक्ती कुठे जात नाही. ती थोड्या जागेत दाटते व त्यामुळे जमिनीचा हेलकावा मोठा होतो. शिवाय गाळात शिरलेली लहर खालच्या खडकावर आणि कडेच्या डोंगरावर आपटून पुन्हा पुन्हा परतते. परातीत पाणी घेऊन परात हलवली, तर हात थांबवल्यावरही पाणी काही वेळ हिंदकळत राहते. खोल गाळाच्या खोऱ्यात धक्का जास्त वेळ जाणवतो तो यामुळेच.

झोक्याचा नियम

विद्यार्थी मित्रांनी पुढील भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण त्यात थोडे गणित आहे.

आखाजीच्या सणाला आपल्याकडे झाडाला झोके बांधतात. झोका परत येण्याच्या नेमक्या क्षणी हलकासा हात लावला, तरी तो उंच उंच जातो. भलत्या वेळी कितीही जोर लावला तरी तो तसा चढत नाही, कारण प्रत्येक झोक्याला स्वतःची एक लय असते. जमिनीच्या थराला आणि घरालाही अशीच लय असते. एक पूर्ण हेलकावा घ्यायला लागणाऱ्या वेळेला आवर्तकाल म्हणतात.

गाळाच्या थराचा आवर्तकाल काढण्याची सोपी रीत अशी : थराच्या जाडीची चौपट करावी आणि तिला लहरीच्या वेगाने भागावे. समजा, खडकावर १० मीटर माती आहे व तिच्यात लहरीचा वेग सेकंदाला २०० मीटर आहे. चौपट म्हणजे ४०, भागिले २००, उत्तर ०.२ सेकंद. माती ३० मीटर व वेग ३०० असेल, तर उत्तर ०.४ सेकंद येते. गाळ १०० मीटर आणि वेग ४०० असेल, तर उत्तर १ सेकंद येते.

इमारतीच्या बाबतीत ढोबळ हिशेब असा की, दर मजल्यामागे सुमारे ०.१ सेकंद धरावा. म्हणजे दुमजली घराची लय ०.२ सेकंदाची, चार मजल्यांची ०.४ ची आणि दहा मजल्यांची सुमारे १ सेकंदाची. आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा. खडकावर पातळ माती असेल तर तेथे बुटक्या घरांना जास्त त्रास होण्याचा संभव आहे. खोल गाळाच्या जमिनीत, विशेषतः दूरवरच्या मोठ्या भूकंपात, उंच इमारतींची लय जमिनीशी जुळते आणि त्या झोक्यासारख्या चढत जातात. याचा अर्थ कोणतीही जमीन सर्वस्वी सुरक्षित नाही. कोणत्या जमिनीवर कोणत्या घराला धोका आहे, हे ओळखता येते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मेक्सिको आणि अहमदाबादचा धडा

हा नुसता पुस्तकी हिशेब नाही. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर ८ प्रतीचा भूकंप झाला. राजधानी मेक्सिको शहर तेथून साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही तेथे हजारो माणसे मेली. ज्वालामुखींनी वेढलेले हे शहर एका जुन्या सरोवराच्या मऊ चिकणमातीवर वसलेले आहे. त्या मातीची लय सुमारे दोन सेकंदांची होती. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचे सर्वाधिक नुकसान झाले. त्याच शहरात लाव्हाच्या खडकावर वसलेल्या विद्यापीठाच्या परिसरात हानी फारशी झाली नाही. मऊ मातीवरच्या यंत्राने जो जास्तीत जास्त धक्का नोंदवला, तो खडकावरच्या नोंदीच्या सुमारे पाचपट होता. भूकंप एकच, शहर एकच, फरक होता तो पायाखालच्या जमिनीचा.

आपल्याला जवळचे उदाहरण २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाचे आहे. अहमदाबाद शहर केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर, साबरमतीच्या गाळावर वसलेले आहे. तेथे अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. तापीच्या मुखाशी असलेल्या सुरतेतही इमारत कोसळून माणसे दगावली. मात्र सगळा दोष जमिनीला देऊन चालणार नाही. तळमजला गाड्या लावण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेल्या इमारती त्यात मोठ्या प्रमाणात होत्या आणि त्याच शहरातील नीट बांधलेल्या कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. मऊ जमीन धक्का वाढवते, पण माणसे मारते ते कच्चे बांधकाम.

वरचा दगड फसवू शकतो

येथे कोणी म्हणेल की, "आमच्या गावात तर चार फुटांवर दगड लागतो, आम्हाला कसली काळजी?" या प्रश्नाचे उत्तर ज्वालामुखीच्या प्रदेशात थोडे सावधपणे द्यावे लागते. जगात इतरत्र जितके खोल जावे तितकी जमीन कठीण होत जाते, असा साधारण अनुभव आहे. लाव्हाच्या प्रदेशात मात्र टणक थराखाली मऊ थर, त्याखाली पुन्हा टणक थर, अशी रचना असू शकते. आइसलँड या ज्वालामुखीच्या देशात ह्वेरागेर्दी नावाचे लहान गाव आहे. तेथे लाव्हाच्या खडकाखाली मऊ थर आहेत. २९ मे २००८ रोजी तेथे ६.३ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हा गावात जवळजवळ बसवलेल्या यंत्रांनी एकसारख्या दिसणाऱ्या खडकावरही कमी-जास्त धक्के नोंदवले.

आपल्याकडेही खडकाची जाडी सगळीकडे सारखी नाही. किल्लारीला भूकंपानंतर ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. तेथे लाव्हाचा खडक ३३८ मीटरपर्यंतच होता. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक लागला. कोयनेच्या परिसरात मात्र हाच लाव्हा सुमारे सव्वा किलोमीटर जाड असल्याचे तेथे घेतलेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रातून दिसून आले. म्हणून मोठी इमारत, पाण्याची टाकी किंवा पूल बांधताना वरचा दगड पाहून समाधान न मानता खालच्या थरांची तपासणी करणे आवश्यक ठरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. केंद्र अगदी जवळ असेल, तर खडकही जोरात हादरतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा पाषाणावर उभ्या असलेल्या कोयना धरणालाही तडे गेले आणि कोयनानगरची दगडी घरे कोसळली.

खानदेशला धोका कोठून?

ज्या भेगांमुळे तापीचे खोरे तयार झाले, त्या आजही जमिनीत आहेत. सातपुड्याच्या पायथ्याने जाणाऱ्या भेगेला भूशास्त्रज्ञ तापी उत्तर भेग म्हणतात. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. खोल भेगांतून खाली गेलेले पाणी तापून वर येते, त्याचेच हे झरे. नर्मदा आणि तापी यांच्या पट्ट्यात पूर्वी मोठे भूकंप झालेले आहेत. १४ मार्च १९३८ रोजी खानदेशच्या उत्तर सीमेलगत सातपुड्यात सुमारे ६.३ प्रतीचा भूकंप झाला. त्याचे केंद्र जमिनीखाली सुमारे ४० किलोमीटर खोल होते, म्हणून तो फार मोठ्या प्रदेशात जाणवला. २२ मे १९९७ रोजी याच पट्ट्यात पूर्वेकडे जबलपूरला ५.८ प्रतीचा भूकंप होऊन अनेक घरे पडली व माणसे दगावली.

ज्या भेगेने आपल्याला केळीची खोल, काळीभोर जमीन दिली, त्याच भेगेतून धक्काही येऊ शकतो आणि तीच खोल जमीन तो धक्का वाढवूही शकते. पिकाला जी जमीन उत्तम, ती घराला उत्तम असतेच असे नाही. आपल्या वाडवडिलांनी शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' अशी वेगळी नावे ठेवली, वस्ती आणि शेती यांच्या जागा वेगळ्या राखल्या. आज मात्र शहरांभोवतीची काळी जमीन आणि बुजवलेले नाले यांवर भराभर वसाहती उभ्या राहत आहेत. स्वस्त प्लॉट बहुधा अशाच जागी मिळतात, आणि गरिबाच्या वाट्याला स्वस्त प्लॉट येतो. म्हणून हा विषय केवळ भूगोलाचा नसून आपल्या वस्त्यांच्या सुरक्षिततेचा आहे.

आपण काय करू शकतो?

भूकंप केव्हा येईल हे आज कोणालाही सांगता येत नाही. तो कोणाचा कोप नव्हे आणि नवसाने टळणारी गोष्टही नव्हे. पण तयारी आपल्या हातात आहे.

१) घर, शाळा, समाजमंदिर किंवा विहार बांधण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : येथे मुरूम किती फुटांवर आणि पाषाण किती फुटांवर लागतो? शेजारची विहीर खणणारे आणि बोअर घेणारे यांच्याकडे याचे उत्तर असते. बोअर घेताना कोणत्या फुटावर काय लागले, ते वहीत लिहून ठेवावे.

२) बुजवलेला नाला, खदान किंवा ताजा भराव यांवर थेट पाया घेऊ नये. नदीकाठी जेथे थोड्या खोलीवर पाणी आणि बारीक रेती आहे, तेथे जोराच्या धक्क्यात रेती पाण्यासारखी पातळ होऊन घर खचू शकते. काळी माती तर भूकंप नसतानाही पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्या खाली, टणक थरापर्यंत न्यावा.

३) धाब्याच्या घरावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याची पद्धत आहे. जुनी माती काढल्याशिवाय नवी टाकू नये. किल्लारीच्या भागात असेच मातीचे जड छप्पर आणि चिखलात रचलेल्या रुंद दगडी भिंती माणसांच्या अंगावर कोसळल्या. छप्पर जितके जड, तितका भिंतीवरचा आडवा ताण मोठा.

४) नवे घर बांधताना जोत्याच्या, दारे-खिडक्यांच्या आणि छपराच्या पातळीवर घराभोवती सलग सिमेंट काँक्रीटचा सळई घातलेला पट्टा घ्यावा. टोपलीला जसा बांबूचा कडा, तसा हा पट्टा भिंतींना एकत्र बांधून ठेवतो. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर भिंतीच्या पूर्ण रुंदीचे आरपार दगड बसवावेत. या कामांना एकूण खर्चाच्या मानाने फार पैसा लागत नाही.

५) जळगाव-भुसावळसारख्या शहरांत बहुमजली इमारतीत घर घेणाऱ्यांनी माती-परीक्षणाचा अहवाल आणि इमारतीचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याचे नाव विचारावे. तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा असेल, तर त्या खांबांच्या मजबुतीची वेगळी चौकशी करावी. विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

६) विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील दहा-वीस विहिरींची पाहणी करावी. माती किती फूट, मुरूम किती, पाषाण कोठे लागतो, पाणी किती खोल आहे, एवढे लिहून गावाच्या नकाशावर मांडावे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा उत्तम विषय आहे आणि असा नकाशा ग्रामपंचायतीलाही उपयोगी पडेल.

किल्लारीच्या पहाटे जी माणसे गेली, त्यांतील बहुतेकांना आपल्या घराच्या भिंतीने आणि छपराने मारले. त्या भिंती कशा बांधाव्यात, याचे ज्ञान तेव्हाही उपलब्ध होते, ते गावापर्यंत पोहोचले नव्हते एवढेच. आज ते पोहोचवण्याची जबाबदारी शिकलेल्या प्रत्येक तरुणावर आहे. आपल्या वस्तीत पुढचे घर उभे राहील, तेव्हा पायाचा खड्डा खणताना तेथे उभे राहून खाली काय लागले ते पाहावे आणि घरमालकाला दोन शब्द सांगावेत. एवढे केले तरी या अभ्यासाचा उपयोग झाला असे म्हणता येईल.